विद्यार्थिनींच्या डीनचं पद घ्यावं का? अकरा वर्षं हे काम केलेल्या बाईचं लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांनाही कळेल. विचारणाऱ्या मॅडम एका राज्य विद्यापीठात असोसिएट प्रोफेसर आहेत, चौदा वर्षं शिकवतायत. कुलगुरूंनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की विद्यार्थिनींसाठी वेगळी डीन नेमायचीय, तुमचं नाव डोक्यात आहे, आठवड्याभरात काय ते सांगा. मॅडमना कळत नाहीये की हे हॉस्टेलच्या रेक्टरचंच काम मोठ्या पाटीखाली आहे का, पालक म्हणतात कडक ठेवा आणि मुली म्हणतात जरा श्वास घेऊ द्या तर रेष कुठे आखायची, आणि कॅम्पसवर राहायला जावं लागेल का, कारण घरी सासूबाईंचं आजारपण आहे.

मी सहा वर्षं चीफ रेक्टर होते आणि पुढे पाच वर्षं जवळपास हेच पद सांभाळलं, नाव जरा वेगळं होतं. चार हॉस्टेलं, साधारण अकराशे मुली. आता रिटायर झालेय त्यामुळे कुणाची भीडभाड नाही, पण विद्यापीठाचं नाव सांगणार नाही आणि मुलींच्या गोष्टी ओळखू येणार नाहीत अशा बेताने सांगेन.

आधीच कबूल करते की यातलं बरंचसं तुमच्या जागेवर अवलंबून आहे. कॅम्पस शहरात आहे की हायवेला लांब, मुली जास्त करून पीजी-पीएचडीच्या आहेत की बारावी होऊन परवाच आलेल्या, कुलसचिव फाइल पुढे ढकलणारे आहेत की तिच्यावर बसणारे, यावर तुमचे दिवस कसे जातील ते ठरेल. आणखी एक. आपल्या महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात डीन म्हणजे विद्याशाखेचे अधिष्ठाता, त्या चार विद्याशाखा आणि त्यांचे चार डीन. तुमचं पद त्यातलं नाही, ते बहुतेक कुलगुरूंच्या ऑफिस ऑर्डरने निघेल, म्हणजे पुढचे कुलगुरू आले की तशाच एका ऑर्डरने जाईलही. हे घाबरवायला सांगत नाहीये, पण ऑर्डरमध्ये काय लिहिलंय याला किती महत्त्व आहे ते खाली येईलच.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारलंत कडक की मोकळं, पण मला अडचण तिथे दिसत नाही. अडचण अशी आहे की ही बाई कोणाच्या वतीने खुर्चीत बसलीय हे कुणीच ठरवलेलं नसतं. पालकांना वाटतं आमच्या वतीने बसलीय, घरी जे डोळे होते ते आता हिचे. प्रशासनाला वाटतं पेपरात नाव येऊ नये म्हणून बसवलीय. आणि मुलींना वाटतं ही त्या दोघांची. पहिलं वर्षभर मी तिघांचंही ऐकायचा प्रयत्न केला आणि तिघांनाही नकोशी झाले. नंतर मनाशी एक ठरवलं की मी मुलीची, बाकी दोघांशी सौजन्याने वागायचं. गेटची वेळ, घरी फोन, तक्रार, पुढचे सगळे निर्णय त्यातून आपोआप सुटत गेले, निदान मला रात्री झोप लागायला लागली.

हे पद आलं कुठून हे जरा बघण्यासारखं आहे, कारण तिथेही हीच ओढाताण होती. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुली पुरुषांच्या विद्यापीठात यायला लागल्या तेव्हा कुलगुरू गोंधळले, यांच्याकडे बघणार कोण. शिकागो विद्यापीठ १८९२ मध्ये सुरू झालं तेव्हा ॲलिस फ्रीमन पामर या बाईंना डीन म्हणून बोलावलं. त्या आधी वेलस्ली कॉलेजच्या अध्यक्ष होत्या, म्हणजे बाई तयारीची. त्यांनी अट घातली की वर्षातून फक्त बारा आठवडे येईन, आणि रोजच्या कामासाठी मॅरियन टॅल्बट यांना सोबत आणलं, पुढे त्याच तिथल्या डीन ऑफ विमेन झाल्या. या डीन बायकांची स्वतःची राष्ट्रीय संघटनासुद्धा होती, १९१६ पासूनची. पण कामाच्या मुळाशी समजूत एकच, की विद्यापीठ म्हणजे आईवडिलांच्या जागी, त्यामुळे रात्रीची वेळ, सह्यांची वही, कोण भेटायला आलं, सगळं हिच्या टेबलावर. ती समजूत तिथे १९६०-७० च्या सुमाराला ढासळली आणि ही पदं हळूहळू सगळ्या विद्यार्थ्यांच्या डीनमध्ये मिसळून गेली. आपल्याकडे लेडी रेक्टरच्या रूपाने ती वही अजून गेटवर आहे, दोरीला बांधलेल्या पेनासकट.

रेक्टर आणि डीनमधला फरक माझ्या मते असा. रेक्टरचं काम भिंतींच्या आत. खोल्यांचं वाटप, मेस कमिटी, पाणी, मावश्यांच्या ड्यूट्या, आउटपास, आजारी मुलीला दवाखान्यात नेणं. हे काम अवघड आहे आणि त्याला कमी लेखू नका, चांगली रेक्टर नसेल तर तुमचं डीनपद पहिल्याच पावसाळ्यात छतातून गळेल. डीनचं काम मुलगी गेटबाहेर पडली की सुरू होतं. डिपार्टमेंटमध्ये बायकांचं टॉयलेट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्याची किल्ली शिपायाकडे असते, गाईड संध्याकाळी सातनंतरच वेळ देतो, प्लेसमेंटची बस रात्री दहाला परत येते, फील्डवर्कला राहायची सोय नाही म्हणून मुली तो विषयच घेत नाहीत, प्रेग्नंट पीएचडी स्कॉलरला मॅटर्निटी लीव्ह मिळते हे विभागप्रमुखांना माहीतच नाही. यातलं एकही रेक्टरच्या हातात नाही. कुलगुरूंच्या मीटिंगमध्ये बसून, टिपणी लिहून, फाइलच्या मागे लागून हे करावं लागतं. तर हो, वेगळं काम आहे, पण ऑर्डरमध्ये तुम्हाला त्या मीटिंगला बसायचा अधिकार नसेल तर ते रेक्टरचंच काम आहे आणि वरून दुसरी पाटी.

एक उदाहरण देते. पहिल्या वर्षी मुलींनी लिहून दिलं की लायब्ररीकडून हॉस्टेलकडे येताना भीती वाटते. सिक्युरिटी ऑफिसरचं उत्तर तयार, लायब्ररी मुलींसाठी आठला बंद करा. मी एका रात्री अकराला विद्युत विभागाच्या वायरमनला घेऊन तो रस्ता चालले, सोबत एमएस्सीच्या दोन मुली. बावीस खांब होते. नऊ दिवे बंद, आणि जे चालू होते त्यातल्या चारांसमोर झाडाच्या फांद्या, म्हणजे खांब आहे, दिवा आहे, बिलही येतंय, फक्त उजेड झाडाच्या डोक्यावर पडतोय. वायरमन बिचारा म्हणाला, "मॅडम, फांदी तोडायची तर उद्यान विभाग, आमच्यात येत नाही." तर दोन विभागांना दोन पत्रं, चार वेळा फोन, सात आठवडे. आणि रस्त्याच्या मध्यावर एक बंद पडलेलं कँटीन होतं तिथे झेरॉक्सवाल्याला जागा द्यायला लावली, तो रात्री साडेअकरापर्यंत बसायचा. कॅमेऱ्यापेक्षा मुलींना त्याचा आधार जास्त वाटला, हे त्यांनीच सांगितलं. सुरक्षितता म्हटलं की सगळ्यांना कॅमेरा आणि कुलूप आठवतं, हे असलं कुणाला आठवत नाही.

आता गेट. हे तुम्हाला सगळ्यात जास्त छळणार म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी रेक्टर झाले तेव्हा वेळ साडेनऊची होती. उशीर झाला तर दंड, घरी फोन, आणि तिसऱ्या वेळेला वडिलांना बोलावून घ्यायचं. मला तेव्हा हे अगदी रास्त वाटायचं, मी स्वतः हॉस्टेलवर राहिलेली, आमची वेळ तर साडेसात होती. एकदा मेसमधल्या मावशी पोळ्या लाटता लाटता सहज बोलून गेल्या की त्या तिघी पोरी त्या दिवशी रात्रभर एसटी स्टँडवर बसल्या होत्या बिचाऱ्या. कुठल्या तिघी? तर इंटरव्ह्यूला गेलेल्या, येताना बस बंद पडली, स्टँडला पोचेपर्यंत नऊ पन्नास झाले. तिघींपैकी एकीचे दोन लेट आधीच झालेले होते. तिसरा झाला असता तर वडील आले असते आणि वडील आले असते तर शिक्षण बंद, हे तिला माहीत होतं. मग बाकीच्या दोघी तिला सोडून आल्या नाहीत. तिघी स्टँडवर बायकांच्या वेटिंग रूममध्ये बसून राहिल्या आणि सकाळी साडेपाचला मॉर्निंग वॉकवाल्या मुलींच्या घोळक्यातून आत शिरल्या. मला कळलं तीन आठवड्यांनी, तेही पोळ्यांमुळे. माझ्या लेट रजिस्टरमध्ये त्या रात्री एकही नाव नव्हतं, एकदम क्लीन पान, खाली माझी सही.

ते पान मी नंतर बराच वेळ बघत बसले होते. सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमाने तीन पोरी रात्रभर स्टँडवर ठेवल्या आणि कागदावर सगळं व्यवस्थित.

मग बदललं काय, तर गेट कधीही उघडायचं. कितीही वाजता आलीस तरी वॉचमनने आधी आत घ्यायचं, नाव आणि वेळ लिहायची, प्रश्न विचारायचे नाहीत, दंड नाही, घरी फोन नाही. अकरानंतर येणार असशील तर रेक्टरच्या फोनवर एक मेसेज टाक. मेसेज नाही आणि मुलगीही नाही तर आम्ही आधी तिला फोन करू, मग तिने दिलेल्या मैत्रिणीला, आणि तरीही पत्ता लागला नाही तरच लोकल गार्डियनला. सुरुवातीला पंधरा दिवस रजिस्टर भरून वाहिलं आणि मला कुलसचिवांनी दोनदा बोलावलं. मग रोजची आठ-दहा नावं उरली, त्यातली निम्मी लॅबमधून येणारी. वॉचमन लोकांना समजावणं सगळ्यात अवघड गेलं, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओरडायची सवय, एकाला तर मी म्हटलं की काका, तुम्ही फक्त गेट उघडा, संस्कार मी करते.

इथे तुमच्या हातात एक चांगला कागद आहे. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, लैंगिक छळ प्रतिबंधाचे २०१५ चे विनियम लोक फक्त तक्रार समितीसाठी वाचतात, पण त्यात हेही स्पष्ट लिहिलंय की सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावायचे नाहीत, आणि सुरक्षेच्या नावाखाली पाळत ठेवणं किंवा हिंडण्याफिरण्यावर बंधनं हे होता कामा नये. टिपणीत ते कलम जसंच्या तसं उतरवून काढा. फाइलवर यूजीसी दिसलं की आपल्याकडे पेन जरा भराभर चालतं. केरळमध्ये कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मुली २०२२ मध्ये याच साडेनऊच्या वेळेवरून हायकोर्टात गेल्या होत्या आणि कोर्टाने सरकारला हाच प्रश्न केला की बंधन फक्त मुलींनाच का. तेही लक्षात ठेवा, कुणीतरी "मुलींच्या भल्यासाठी" म्हणेलच.

पण मघाशी म्हटलं तसं, हे तुमच्या जागेवर आहे. कॅम्पसबाहेर दोन किलोमीटर अंधार आणि रात्री रिक्षा मिळत नाही अशा ठिकाणी नुसतं गेट उघडं ठेवून भागत नाही, स्टँडवरून एक गाडी लागते. गाडी मंजूर होईपर्यंत मी वेळ बदलली नव्हती, हेही सांगायला हवं. कुणी म्हणेल भित्रेपणा, असेल.

पालकांबद्दल. त्यांना शत्रू समजू नका. शेत विकून नाही तर कर्ज काढून पोरगी पाठवलेली असते, गावात चार लोक बोलतायत, आणि काही झालं तर ऐकून घ्यायचं त्यांनाच. त्यांची भीती खोटी नाही. फक्त त्या भीतीवरचा उपाय म्हणून ते तुम्हाला जे काम सांगतात ते करू नका. मला एक वडील दर रविवारी फोन करायचे, "मॅडम, आमची पोरगी कुणाशी बोलते जरा लक्ष ठेवा." मी म्हणायचे, "दादा, ती जेवते का, आजारी आहे का, लेक्चरला जाते का एवढं मी बघते. कुणाशी बोलते ते तुम्ही तिलाच विचारा, ती सांगत नसेल तर का सांगत नाही ते आपण दोघं बसून बोलू." पहिले चार-पाच रविवार ते रागावले. मग हळूहळू शेतीचं, पावसाचं बोलायला लागले. शेवटच्या वर्षी पोरीच्या नोकरीच्या ऑफरचं लेटर घेऊन आले होते, वाचून दाखवा म्हणाले.

नियम म्हणून मी हे धरलं होतं की मुलगी अठरा वर्षांची आहे तर तिची माहिती तिला विचारल्याशिवाय घरी द्यायची नाही. जिवाला धोका असेल तर अपवाद, आणि तो अपवाद मी ॲडमिशनच्या पहिल्या दिवशीच मुली आणि पालक दोघांसमोर सांगायचे, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की फसवलं. पहिल्या वर्षाला काही सतराच्या असतात, तिथे हे तसंच्या तसं लागू होत नाही, त्यांची यादी वेगळी ठेवा. आणि "मी तिचा भाऊ आहे, घरी कार्यक्रम आहे, घेऊन जातो" हे वाक्य गेटवर ऐकू आलं तर मुलीला आधी एकटीला ऑफिसमध्ये बोलवायचं, दार लावून विचारायचं, जायचंय का. बहुतेक वेळा खरंच बहिणीचं लग्न असतं आणि मुलगी म्हणते मॅडम काय तुम्ही! पण मला दोनदा उत्तर नाही असं आलंय, त्या दोन वेळांसाठी बाकीच्या शंभर वेळा हसं झालं तरी चालेल.

आता आयसीसी, म्हणजे अंतर्गत तक्रार समिती. इथे मी स्वतः चुकलेय म्हणून नीट वाचा. तुम्हाला सगळे म्हणतील की मॅडम डीन आहेत, त्याच समितीच्या अध्यक्ष होतील. व्हायचं नाही. त्याच यूजीसी विनियमांत लिहिलंय की कुलगुरू, कुलसचिव, डीन, विभागप्रमुख अशा वरिष्ठ प्रशासकीय पदांवरच्यांनी समितीवर बसायचं नाही, समिती स्वतंत्र राहावी म्हणून. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक असते, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी असतात, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती असते, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी. तुमचं काम समिती वेळेवर नेमली जाते का, तिला खोली, कारकून आणि कुलपाचं कपाट आहे का, अहवालावर पुढे कारवाई होते का हे बघायचं. आणि मुलगी तुमच्याकडे आली तर तिला तिथपर्यंत पोचवायचं.

माझी चूक अशी. नवीन असताना एक मुलगी रडत आली, वर्गातला मुलगा घाणेरडे मेसेज पाठवतो, मागे मागे येतो. म्हणाली तक्रार नको, फक्त थांबवा. मला वाटलं आपण मोठे आहोत, प्रेमाने समज देऊ, प्रकरण वाढवायचं कशाला. मुलाला बोलावलं, चहा मागवला, चांगलं तासभर समजावलं, तो माफी मागून गेला, मला फार बरं वाटलं स्वतःबद्दल. त्याने खोलीवर जाऊन सगळे मेसेज डिलीट केले, स्वतःच्या फोनमधले आणि तिच्याकडे पाठवलेलेही, तिने एकही स्क्रीनशॉट काढलेला नव्हता आणि मी काढून ठेव असं सांगितलं नव्हतं. वर वर्गभर झालं की हिने मॅडमकडे चुगली केली. पुढे दोन महिन्यांनी तिला लेखी तक्रार करायची वेळ आलीच तेव्हा हातात काही नव्हतं. समितीने तरी चौकशी केली, साक्षीदार मिळाले म्हणून निभावलं, पण ते माझ्या चहामुळे नाही.

त्यानंतर मी एवढंच करायचे: ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, जे आहे ते जपून ठेव म्हणून सांगायचं, आणि तिच्यापुढे रस्ते मांडायचे. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करता येते, कारण योग्य असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी, मध्ये तुझा वर्ग किंवा गाईड बदलून मागता येतो, पोलिसात जायचं असेल तर मी सोबत येईन. समेट हवा असेल तर तो फक्त तिने मागितला तर, आणि पैशाच्या देवघेवीवर नाही, हे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात आहे. निर्णय तिचा. समोरच्याला तुम्ही बोलवायचं नाही, कितीही ओळखीचा असला तरी, ओळखीचा असेल तर मुळीच नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही पण माझ्या मते या पदाचं निम्मं सार्थक तिथे आहे, ते म्हणजे आवाज न करता गळणाऱ्या मुली. भांडणारी मुलगी दिसते, पळून गेलेली दिसते, पण सेकंड इयरच्या दिवाळीनंतर न परतणारी दिसत नाही. मी गेटच्या रजिस्टरपेक्षा वर्गाची हजेरी आणि परीक्षा फॉर्मची यादी जास्त बघायला लागले. फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ आली की ज्या मुलींचे फॉर्म नाहीत त्यांची यादी परीक्षा विभागाकडून मागवायची आणि एकेकीला फोन. कारणं काय निघायची, तर स्थळ आलंय, आईचं ऑपरेशन, मेसचे तीन महिने थकलेत म्हणून लाज वाटते, स्कॉलरशिपचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या पोर्टलवर, कॉलेजच्या लॉगिनला अडकलाय आणि क्लार्कला वेळ नाही. शेवटच्या दोन कारणांसाठी पोरगी घरी बसावी याचा मला फार राग यायचा. २०२४ पासून सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सेसची ट्यूशन आणि परीक्षा फी माफ केलीय, चांगली गोष्ट आहे, पण पालक समजतात सगळंच फुकट झालं, आणि हॉस्टेल-मेसचा खर्च त्यात येत नाही हे ॲडमिशननंतर कळतं. तिथे वसतिगृह निर्वाह भत्ता, स्वाधार अशा योजना कुणाला लागू होतात हे बघणारं एक माणूस तुमच्या ऑफिसमध्ये हवंच. मला चांगला समुपदेशक मिळायच्या आधी चांगली क्लार्क मिळाली आणि खरं सांगते, पहिल्या वर्षी तिने जास्त मुली वाचवल्या.

समुपदेशकही हवाच पण. रात्री दोनला खोलीचं दार आतून बंद आणि मैत्रीण बाहेर रडतेय हे तुमच्या वाट्याला कधीतरी येणार. तेव्हा शहाणपण नको, तयारी हवी: कुठल्या डॉक्टरांना फोन, गाडी कुठली, सोबत कोण राहणार, आतली कडी बाहेरून कशी उघडायची हे सुतारकामवाल्याकडून आधीच करून घेतलेलं. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ रात्रीही चालू असते, तो नंबर प्रत्येक मजल्यावर, बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, नोटीस बोर्डासमोर उभं राहून कुणी असला नंबर उतरवून घेत नाही. आणि असं काही झाल्यावर मुलीला "घरी पाठवून द्या, जबाबदारी नको" असा वरून फोन येईल. घर हीच अडचण असू शकते. आधी डॉक्टर, मग तिच्याशी बोलून घर.

तर घ्यावं का? मी असते तर घेतलं असतं, पण त्या पामरबाईंसारखं आधी अटी घालून. "अतिरिक्त कार्यभार" एवढ्या दोन शब्दांवर हो म्हणू नका, आपल्याकडे बायकांना बहुतेक पदं अशीच चिकटवतात, मान वाढतो आणि लेक्चरं तेवढीच राहतात. ऑर्डरमध्ये लिहून घ्या की थेट कुलगुरूंना रिपोर्टिंग, टीचिंग लोड निम्मा, वेगळं बजेट हेड आणि हातात थोडी तातडीची रोख, एक पूर्णवेळ समुपदेशक, रात्रीची गाडी, आणि निदान तीन वर्षांचा कालावधी. सगळं मिळणार नाही. मला सहापैकी चार मिळालं, ते चौथंही दीड वर्षाने. पण रिपोर्टिंग आणि गाडी मिळत नसेल तर सरळ नाही म्हणा, त्या दोघांशिवाय हे पद म्हणजे काही घडलं की कुणाला पुढे करायचं त्याची सोय आहे.

राहता राहिलं कॅम्पसवर राहण्याचं. जाऊ नका. रेक्टरने तिथे राहायचं असतं, ते तिच्या नेमणुकीत असतं. डीन तिथे राहायला गेली की तीन महिन्यांत दुसरी रेक्टर होते, गीझर बंद पडला तरी तुमचंच दार वाजतं. हा वादही जुनाच आहे. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, कृष्णवर्णीयांचं नावाजलेलं विद्यापीठ ते, १९२२ मध्ये लुसी डिग्ज स्लो डीन ऑफ विमेन झाल्या. त्यांनी कॅम्पसवर येऊन राहावं म्हणून पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर दबाव आणला गेला आणि त्यांचं म्हणणं एकच, की मी मॅट्रन, म्हणजे हॉस्टेलवर देखरेख करणारी बाई, नाही, शिक्षणाचं काम करायला आलेय. १९३७ मध्ये त्या गेल्या तोवर हे भांडण चालूच होतं. तुमचं घर वीस-पंचवीस मिनिटांवर आहे असं तुम्ही लिहिलंय, ते पुरेसं आहे, सासूबाईंचंही बघता येईल. फक्त फोन रात्री सायलेंटवर टाकायचा नाही आणि नंबर मुलींकडे थेट हवा, रेक्टरमार्फत नाही. पहिल्या महिन्यात कुणीतरी रात्री साडेबाराला मेसमध्ये दही आंबट होतं म्हणून फोन करेल. नीट ऐकून घ्या, रागावू नका, तुम्ही उचलता का हे त्या पोरी बघत असतात.